खिशांतील प्राणिसंग्रह



इतिहासाचा शिक्षक म्हणून माझी सारी हयात मुलांकडून सनावळ्या घोकून घेण्यांत गेली. निवृत्तीनंतर कपाट आवरतांना एक जप्त केलेली वही सांपडली. सुमारें २००५ सालीं, तास चालू असतां चित्रें काढणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून ती मीं काढून घेतली होती. परत द्यावयाची राहून गेली. वहींत नाना चमत्कारिक प्राणी होते. नातवानें पाहतांच ओळखलें, "आजोबा, हे तर पोकेमॉन!" तेव्हां या प्राण्यांचा इतिहास मी शोधूं लागलों.

टोकिओच्या उपनगरांत वाढलेल्या सातोशी ताजिरी यास बालपणीं किडे जमविण्याचा नाद होता. पुढें तेथील शेतें व तळीं जाऊन इमारती उठल्या. तो हरवलेला आनंद मुलांना परत द्यावा, या हेतूनें त्यानें केन सुगिमोरी या चित्रकार मित्राच्या साह्यानें एक खेळ रचला. 'पॉकेट मॉन्स्टर्स', म्हणजे खिशांतील विलक्षण प्राणी, हें त्याचें नांव. २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं तो 'गेम बॉय' या हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं निघाला. रानांत हिंडावें, प्राणी पकडावे, वाढवावे, झुंजवावे, असा त्याचा थाट. त्याच्या लाल व हिरवी अशा दोन आवृत्त्या होत्या; एकींतील कांहीं प्राणी दुसरींत मुद्दाम ठेविले नव्हते. संग्रह पुरा करावयाचा तर मित्राच्या यंत्रास तारेनें आपलें यंत्र जोडून देवघेव करणें भागच होतें.

उघड प्राणी १५०. परंतु शेवटच्या घटकेस, तपासणीचीं साधनें काढल्यावर उरलेल्या अल्पशा जागेंत, शिगेकी मोरिमोतो या कारागिरानें 'म्यू' हा १५१ वा प्राणी दडवून ठेविला. एका चुकीमुळें तो कांहीं खेळाडूंस अवचित दिसला, आणि वार्ता कर्णोपकर्णीं पसरली. एका मासिकानें वीस जणांस म्यू देण्याचें जाहीर करतांच सुमारें ७८,००० अर्ज आले! पुढें अमेरिकेंत निघालेल्या आवृत्तींत तर 'मिसिंगनो' नांवाचें विस्कटलेलें भूत एका बेटाच्या किनाऱ्यालगत प्रकट होई, आणि खेळाडूच्या झोळींतील सहाव्या वस्तूचा सांठा वाढवून जाई. तो रचनेंतील दोष. मुलांनीं त्याची दंतकथा केली.

आपल्याकडे हें यंत्र थोड्याच घरीं होतें. येथील मुलांनीं हे प्राणी २००३ पासून दूरचित्रवाणीवर पाहिले, चिप्सच्या पुड्यांतल्या टॅझोंवर जमविले, आणि वह्यांच्या शेवटच्या पानांवर काढले.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत एका स्तंभशीर्षावर चार हरणांस मिळून एकच मस्तक कोरलेलें आहे. सहलीस नेलेल्या मुलांना तें शोधावयास मी मोठ्या हौसेनें लावीत असें. १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें तेथील चित्रांच्या नकला करण्यांत वर्षें वेंचलीं. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं इंग्लंडांत आगींत जळाल्या, म्हणून वर्गांत मी हळहळत असें. आणि त्याच वर्गांतल्या नक्कल करणाऱ्याची वही मात्र मीं कपाटांत कोंडली!

नातू म्हणाला, "यांतले पांच खेळांत कोठेंच नाहींत." पाहतों तों एका कांसवाच्या पाठीवर आपल्या पाणचक्कीचें चाक, नाथसागरावरील रोहित पक्ष्याच्या पंखांना ज्वाळा. नक्कल करतां करतां तो मुलगा निर्माता झाला होता. त्याच पानावर माझ्या हातचा तांबड्या शाईचा शेरा आहे: 'वेळेचा अपव्यय'.

वही मीं जपून ठेविली आहे. हें भाषण त्या विद्यार्थ्याच्या कानीं पडलें, तर त्यानें अवश्य यावें आणि आपली वस्तु घेऊन जावी. शेरा मीं खोडला आहे.