वरुड: संत्र्याचा ताण

आज वरुड. अमरावती जिल्हा, सातपुड्याचा पायथा. लोक याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. माझं आजोळ आहे, म्हणून मी नुसतं वरुड म्हणतो.

नागपूरकडे संत्रा भोसल्यांनी आणला असं सांगतात. तिथून तो इकडच्या काळ्या जमिनीत पसरला. शेजारच्या शेंदुरजनाघाटला जंभेरीच्या रोपावर डोळा बांधून कलमं करतात. खरी कला मात्र ताण द्यायची. झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं, पानं मलूल झाली की सोडायचं, मग फूल धरतं. हिवाळ्यातला ताण आंबिया बहारासाठी, उन्हाळ्यातला मृग बहारासाठी. मृगाचा ताण पाऊस तोडतो, आंबियाला मात्र पाणी आपल्याच विहिरीतून द्यावं लागतं. म्हणजे झाड तहानलेलं ठेवायचं तरी हाताशी पाणी हवंच!

तेच संपलं. विहिरी आटल्या, बोअर आले, तालुका भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत गेला. आजोबांचा पहिला बोअर दोनशे फूट होता. मामाचा शेवटचा आठशे, त्यातून नुसती धूळ निघाली.

वर भावाचं दुखणं. बांगलादेश मोठं गिऱ्हाईक, पण 2019 पासून त्यांनी आयात शुल्क चढवत नेलं. ढाक्यात शुल्क वाढलं की मामाला व्यापाऱ्याचा फोन येतो.

मागच्या उन्हाळ्यात मामाने चाळीस झाडं तोडली. लाकूड अजून विहिरीपाशी रचलेलं आहे. मामी ते चुलीत घालत नाही.