रुग्णालयाचा दफ्तरदार

फडणीस, चिटणीस, दफ्तरदार हीं आज महाराष्ट्रांत बहुतांशीं केवळ आडनांवें म्हणून उरलीं आहेत. पण एके काळीं तीं राज्याच्या स्मरणशक्तीचीं नांवें होतीं. लढाई सेनापति जिंकी. परंतु कोणत्या पागेस किती दाणा पोंचला, कोणाचा तनखा थकला, कोणत्या गांवाचा वसूल आला, हें ज्याच्या रुमालांत बांधलेलें असे त्याच्यावांचून दुसरे दिवशींचा कारभार चालत नसे. आधुनिक रुग्णालय हेंहि असेंच एक लहानसें राज्य आहे. त्यांतील सेनापति, म्हणजे शस्त्रवैद्य, सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याचा दफ्तरदार मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीं. माहिती तंत्रज्ञानाचा व्यवस्थापक या नव्या नांवानें आज ज्याचा पेशा ओळखला जातो, त्याच्या वंशाचा इतिहास शंभर-सव्वाशें वर्षांहून जुना आहे.

या इतिहासाचा आरंभ एका युद्धांत सांपडतो. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल या क्रिमियाच्या युद्धांतील इंग्रज सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत गेल्या. तेथें औषधांची व स्वच्छतेची टंचाई होतीच. पण किती माणसें मेलीं व कशानें मेलीं, हेंहि नीट सांगतां येत नव्हतें. निरनिराळ्या नोंदवह्या एकमेकींशीं जुळत नव्हत्या. स्वदेशीं परतल्यावर बाईंनीं ते आंकडे निवडून, पारखून मांडले. तेव्हां शत्रूच्या गोळीपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनींच अधिक सैनिक नेले, हें सत्य उघडें पडलें. पुढें हिंदुस्थानांतील लष्करी छावण्यांकडे प्रश्नपत्रिका पाठवून त्यांनीं येथील माहितीहि मागविली. त्या चौकशीचा अहवाल १८६३ सालीं निघाला. येथील गोऱ्या सैनिकांचा मृत्यु वर्षाकांठीं दर हजारीं ६९ होता, असें त्यांत दिसून आलें.

सर्व इस्पितळांनीं एकाच नमुन्याचे तक्ते भरावे, ही त्यांची सूचना १८६० सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेनें उचलून धरली. कांहीं इस्पितळांनीं ते तक्ते भरूनहि पाहिले. तरी ही योजना टिकली नाहीं. तक्ते उत्तम होते. परंतु ते भरण्याचे श्रम व खर्च मोठा होता, आणि त्या कामास वाहिलेला माणूस कोठेंच नव्हता. दिवसभर रोग्यांत गुंतलेल्या वैद्याच्या उरल्यासुरल्या वेळावर हें ओझें पडलें व त्याखालीं योजना दबून गेली. माहिती हवी असेल तर माहितीचा कारभारी हवा, हा पहिला धडा जगाला असा अपयशांतून मिळाला.

दुसरा टप्पा यंत्राचा. अमेरिकेंत जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी वैद्याकडे १८८० च्या खानेसुमारींतील मृत्युविषयक आंकड्यांचें काम होतें. असली मोजणी यंत्रानें करतां यावी, ही कल्पना त्यांच्या बोलण्यांतून हर्मन हॉलेरिथ या तरुण इंजिनियरास मिळाली. हॉलेरिथनें दर माणसामागें एक जाड कागदाचें कार्ड धरलें. वय, लिंग, जन्मस्थान यांच्या जागा त्यावर ठरवून टाकल्या व त्या त्या जागीं भोंकें पाडलीं. भोंकांतून सुई पार गेली कीं विजेचा प्रवाह जुळे व मोजणीचा कांटा एक घर पुढें सरके. १८९० च्या खानेसुमारीनें या यंत्रास प्रसिद्धि दिली. पण त्याची परीक्षा त्यापूर्वींच बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर झाली होती. हॉलेरिथनें १८९६ सालीं काढलेली कंपनी १९११ सालीं इतर कंपन्यांत मिळाली व १९२४ पासून आय. बी. एम. या नांवानें जगभर पसरली. संगणकाच्या या थोर घराण्याचें एक मूळ असें नगरपालिकेच्या मृत्युनोंदींत रुजलेलें आहे.

तथापि यंत्रानें हजारांची मोजणी केली तरी खाटेवरील एका रोग्याचा कागद वेळेवर हातीं येईलच असें नाहीं. तो प्रश्न मिनेसोटांतील रॉचेस्टर गांवच्या मेयो क्लिनिकमध्यें डॉक्टर हेन्री प्लमर यांनीं सोडविला. तोंपर्यंत प्रत्येक वैद्य आपापल्या वहींत लिही. एकच रोगी तीन वैद्यांकडे गेला तर त्याची हकीकत तीन वह्यांत विखुरली जाई. प्लमर यांनीं १९०७ सालीं प्रत्येक रोग्यास एक क्रमांक दिला आणि त्याचे सर्व कागद त्या क्रमांकाखालीं एकाच ठिकाणीं ठेवण्याची पद्धत सुरू केली. यांत नवें यंत्र कोणतेंच नव्हतें. नोंदवही वैद्याची नसून रोग्याची आहे, एवढाच विचार नवा होता. आजच्या प्रत्येक रुग्णालयीन संगणकाच्या पोटांत हाच विचार वागत आहे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें ग्रेस व्हाइटिंग मायर्स या बाई १८९७ पासून रोग्यांच्या नोंदींची व्यवस्था पाहत होत्या. प्रथम त्यांच्या पदास फारशी प्रतिष्ठा नव्हती. पुढें अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेनें चांगल्या रुग्णालयाच्या किमान कसोट्या ठरविल्या व पूर्ण, अचूक नोंदी ही त्यांतील एक कसोटी केली. तेव्हां रुग्णालयांस या जाणत्या माणसांची निकड भासूं लागली. १९२८ सालीं त्यांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली व मायर्सबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या वेळीं ही मंडळी स्वतःस नोंदींचे ग्रंथपाल म्हणवीत. १९९१ सालीं त्याच संघटनेनें अमेरिकन हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असोसिएशन हें नांव घेतलें. ग्रंथपालाचा व्यवस्थापक कसा झाला, हें या दोन नांवांतच वाचावयास मिळतें.

मधल्या काळांत संगणक आला होता. त्याच बोस्टनच्या रुग्णालयांत १९६६-६७ च्या सुमारास ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेंत मम्प्स ही संगणकाची भाषा तयार झाली व रुग्णालयीन कामांत तिचा पुढें मोठा प्रसार झाला. १९८१ सालीं सिनॉट आणि ग्रूबर यांनीं आपल्या ग्रंथांत मुख्य माहिती अधिकारी या पदाची कल्पना मांडली. तळघरांतला नोंदींचा कारकून संचालकांच्या बैठकींत येऊन बसला तो असा.

परंतु मान वाढला तसा धोकाहि वाढला. इंग्लंडमध्यें २००२ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवेचीं सर्व दफ्तरें एका संगणकव्यवस्थेंत गुंफण्याची योजना निघाली. तींत अब्जावधि पौंड ओतले गेले. पण ती वरून लादली गेली, रोज वापरणाऱ्या वैद्यांचें व परिचारिकांचें मत पुरेसें घेतलें गेलें नाहीं, आणि २०११ सालीं सरकारनें ती मोडीत काढल्याचें जाहीर केलें. नाइटिंगेलबाईंचे तक्ते ज्या खडकावर फुटले, त्याच खडकावर दीडशें वर्षांनीं हें अवाढव्य तारूं फुटलें.

भारतांतील अनुभवहि दोन्ही प्रकारचा आहे. मुंबईंत १९६३ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीनें देशांतील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोगनोंदणी सुरू केली. तिचे सेवक रुग्णालयोरुग्णालयीं जाऊन नोंदी जमवीत व नगरपालिकेच्या मृत्युनोंदींशीं त्या ताडून पाहत. संगणकाआधींचें हें चिकाटीचें काम आजहि अभ्यासकांच्या उपयोगीं पडतें. २०२१ सालीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें, आणि प्लमर यांची एका रोग्यास एक क्रमांक ही कल्पना सबंध राष्ट्राच्या मापानें पुन्हा मांडली गेली. उलट २०२२ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. कित्येक दिवस रोग्यांची नोंदणी, दाखल करणें, तपासण्यांचे निकाल हें सारें कागदावर व हातानें करावें लागलें. त्या दिवसांत सर्वसामान्य माणसासहि कळलें कीं, पडद्यामागचा हा दफ्तरदार थांबला तर पुढचा शस्त्रवैद्यहि अडखळतो.

या पेशाकडे वळणाऱ्या तरुणानें हा वारसा ओळखून घ्यावा. संगणकाची विद्या त्यास हवीच. पण ती दर दहा वर्षांनीं जुनी होते. नोंद खरी असावी, ती हवी त्या क्षणीं हातीं यावी, आणि हक्क नसलेल्याच्या नजरेस ती पडूं नये, हीं तीन कर्तव्यें स्कुटारीपासून आजपर्यंत तींच राहिलीं आहेत. मध्यरात्रीं बेशुद्ध स्थितींत आणलेल्या रोग्यास स्वतःविषयीं एक शब्दहि बोलतां येत नाहीं. कोणतें औषध त्यास बाधतें, हें त्या घटकेस त्याची नोंदच सांगत असते. आणि ती नोंद बोलती राहावी म्हणून कोणीतरी अगोदरच जागलेलें असतें.