सोंगाची मर्यादा

‘सोंग’ हा मराठीतील मोठा अर्थसंपन्न शब्द आहे. उत्सवात सोंग आणतात, नट सोंग वठवतो, आळशी माणूस झोपेचे सोंग घेतो आणि लबाडाची सोंगे लोक ओळखून असतात. एकाच शब्दात उपासना, कला आणि फसवणूक अशा तिन्ही छटा सामावल्या आहेत. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही म्हण वापरताना आपण नकळत एक तत्त्वही मान्य करीत असतो. ते तत्त्व असे की सोंगाला कोठेतरी मर्यादा असते. ही मर्यादा कोणी आखायची, ती कोणाच्या रक्षणासाठी असते आणि ती मोडली गेली तर कोणाची हानी होते, या प्रश्नांचा विचार मात्र आपल्या नाट्येतिहासात फारसा झालेला नाही. नाट्येतिहास बव्हंशी संहितांचा इतिहास म्हणून लिहिला गेला, हे त्याचे एक कारण असावे.

हा विषय मनात येण्यास एक साधा प्रसंग निमित्त झाला. चेन्नईत एका मराठी कुटुंबात मी काही दिवस मुक्कामाला होतो. त्या घरातील महाविद्यालयीन मुलगी आपल्या समवयस्कांसह इंटरनेटवर एक खेळ खेळत असे. सर्वांना प्रिय असलेल्या एका कादंबरीमालेतील पात्रे त्यांनी आपसांत वाटून घेतली होती. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या वतीने लिहायचे, दुसऱ्याने त्याला आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे आणि अशा रीतीने मूळ कथेच्या बाहेरची एक नवी कथा सर्वांनी मिळून पुढे न्यायची, असा तो खेळ. खेळणारे वेगवेगळ्या गावांचे होते आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलेही नव्हते. तिने मला त्या खेळाची नियमावली वाचून दाखवली. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आपण वाक्य घालू नये. खेळणाऱ्याला ठाऊक असलेली पण पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट पात्राने जाणू नये. मूळ कथेने पात्राला दिलेला स्वभाव सोडू नये. आपले पात्र अजिंक्य करून ठेवू नये. पात्र म्हणून बोलणे आणि स्वतः म्हणून बोलणे यांची खूण वेगळी ठेवावी. ‘‘आजोबा, हे सगळं तुम्हांला पोरखेळ वाटत असेल,’’ असे ती म्हणाली. मला तसे मुळीच वाटले नाही. हे नियम मी पूर्वी कोठेतरी पाहिले आहेत असेच सारखे वाटत राहिले. ते पाहिले होते ते काही अंशी कोकणातील देवळांच्या प्रांगणात आणि काही अंशी तमिळ रंगभूमीच्या इतिहासात.

प्रथम त्याच शहराकडे पाहू. 1891 साली तेव्हाच्या मद्रासमध्ये पम्मल संबंध मुदलियार (1873–1964) यांनी आपल्या मित्रांसह सुगुण विलास सभा ही हौशी नाट्यसंस्था स्थापन केली. मुदलियार पेशाने वकील होते व पुढे न्यायाधीशही झाले. त्यांच्या सभेत शिकलेली, प्रतिष्ठित माणसे हौसेने रंगभूमीवर उतरत आणि स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. ‘मनोहरा’सारखे स्वतंत्र नाटक आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘अमलादित्यन’ हे रूपांतर त्यांनी लिहिले. सुशिक्षित रंगभूमीचा आग्रह लिखित गद्य संवादांचा होता. नटाने काय बोलायचे हे आधीच ठरलेले असल्यामुळे एका नटाने दुसऱ्याच्या भूमिकेवर अतिक्रमण करण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. संहिता ही स्वतःच एक नियमावली असते.

पण त्याच काळात तमिळ प्रदेशात याहून निराळी एक व्यवस्था आकाराला येत होती. शंकरदास स्वामिगळ (1867–1922) हे तिचे आद्य पुरुष मानले जातात. त्यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की शनी आणि यम यांच्या उग्र भूमिका ते इतक्या तन्मयतेने करीत, की त्या पाहून भ्यालेल्यांना जबर अपाय झाला आणि त्या धक्क्याने त्यांनी स्वतः रंगावर उतरणे सोडले. आख्यायिकेचा तपशील खरा असो वा नसो, तिने जपलेली चिंता खरी आहे. सोंग हाताबाहेर जाऊ शकते, ही ती चिंता.

शंकरदासांच्या ‘वल्ली तिरुमणम’सारख्या नाटकांवर पुढे ‘स्पेशल नाटक’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार उभा राहिला आणि मदुरै, पुदुक्कोट्टै या भागांत तो विशेष रुजला. यात कायमची नाटक मंडळी नसते. गावच्या उत्सवासाठी प्रत्येक नटाला वेगवेगळे, ‘स्पेशल’, बोलावले जाते. नावाचा उगम हाच. राजपार्ट एका गावाहून येतो, स्त्रीपार्ट दुसऱ्या गावाहून, बफून तिसऱ्या गावाहून. एकत्र तालीम होत नाही. रात्री खेळ सुरू होतो तो पहाटेपर्यंत चालतो. मुरुगन व्याधाचे आणि वृद्धाचे सोंग घेऊन वल्लीचे मन जिंकू पाहतो, हे कथासूत्र नटांना व प्रेक्षकांना सारखेच पाठ असते. गाणी बहुतांशी ठरलेली असतात. वादविवादाचे प्रसंग मात्र दोघा नटांच्या हजरजबाबीपणावर सोपवलेले असतात. अनोळखी माणसांनी पूर्वतयारीविना रात्रभर एक कथा उभी करायची, हे साधते कशामुळे? प्रत्येकाला आपल्या ‘पार्टा’ची सीमा ठाऊक असते म्हणून. समोरच्याला पेचात पकडणे हा त्याचा हक्क असतो. परंतु समोरच्याचे उत्तर आपणच देऊन टाकणे हा नव्हे.

हा ‘पार्ट’ शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. विष्णुदास भावे यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी असे नटांचे वर्ग रूढ झाले. भाव्यांनी पदे रचली. ती सूत्रधार गाई. पात्रांची भाषणे मात्र नटांनी कथेच्या अनुरोधाने स्वतः रचून बोलायची असत. 1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लिखित संवादांच्या, म्हणजे तत्कालीन भाषेत ‘बुकिश’ नाटकांचे युग सुरू झाले. त्यानंतरच्या समीक्षकांनी भाव्यांच्या परंपरेची ‘अलल डुर्र’ची नाटके म्हणून थट्टा केली. ती थट्टा अगदीच अन्याय्य होती असे नाही. राक्षसपार्टीच्या आरोळ्यांत पुष्कळदा संयम नसे. पण संहिता नसतानाही हे प्रयोग उभे राहत, याचा अर्थ त्यांना अंतर्गत शिस्त होती. ती शिस्त कागदावर नव्हती, म्हणून ती आपल्या इतिहासलेखनातून निसटली.

ती आजही प्रत्यक्ष पाहायची असेल तर सिंधुदुर्गातील दशावतार पाहावा. आरंभीच्या आडदशावतारात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती यांच्यामागून काळ्या वेशातील संकासुर येतो. तो प्रेक्षकांची टर उडवतो, मालवणीत वाटेल ते बोलतो आणि अखेरीस विष्णूच्या हातून मरतो. संकासुर करणारा नट कितीही चतुर असो, विष्णूला हरवण्याची मुभा त्याला नाही. इंटरनेटवरील खेळातील ‘आपले पात्र अजिंक्य करू नये’ हा नियम याहून वेगळा नाही. पुढच्या आख्यानाला लिखित संवाद नसतात. कोणते आख्यान लावायचे हे ठरले की पात्रे वाटली जातात, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो आणि नट रंगाला लागतात. पुढे काय घडणार हे दुर्योधन करणाऱ्या नटाला माहीत असते, दुर्योधनाला माहीत नसते. हे अज्ञान प्रामाणिकपणे सांभाळणे हेच त्या नटाचे कसब होय.

मराठीचा हा धागा आपल्याला पुन्हा तमिळ देशी घेऊन जातो. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजी राजाने (कारकीर्द 1684–1712) ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक रचले. मराठीतील आद्य नाटकांत त्याची गणना होते. त्याच्याच ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकत्र नांदतात आणि निरनिराळ्या प्रांतांतील पात्रे आपापली भाषा बोलतात. कोणाचीही वाणी दुसऱ्याच्या वाणीत विरघळून जात नाही. एका बहुभाषक राज्याच्या दरबारात लिहिले गेलेले हे नाटक प्रत्येक पात्राचा स्वतःच्या आवाजावरील अधिकार मान्य करते, हे मला अर्थपूर्ण वाटते.

तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी भागवत मेळ्याची परंपरा आहे. नरसिंह जयंतीच्या सुमारास तेथे मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांचे ‘प्रह्लादचरित्रम्’ हे तेलुगू नाटक होते. त्यात नरसिंहाचा मुखवटा पूजेत ठेवलेला असतो आणि तो धारण करणारा उपवास करतो. मुखवटा चढल्यावर आवेश येतो अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला सावरून धरण्यासाठी माणसे सज्ज असतात. हिरण्यकशिपूची भूमिका करणारा हा गावातलाच कोणी शेजारी किंवा आप्त असतो, याचे भान त्या व्यवस्थेला आहे. श्रद्धेने देव अंगात येऊ दिला. परंतु समोरच्या माणसाला इजा होऊ नये याची तजवीजही त्याच श्रद्धेने केली. सोंगाच्या मर्यादेचे इतके मूर्त उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

आता मर्यादा मोडली की काय होते ते पाहू. संगणकावरील बहुजनांच्या कल्पित विश्वांचा आरंभ 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या खेळापासून मानतात. 1990 मध्ये अमेरिकेत पॅव्हेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ नावाचे असेच केवळ शब्दांनी बांधलेले विश्व उघडले. तेथे 1993 साली एका खेळाडूने एका युक्तीने इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि त्या पात्रांच्या नावे, सर्वांसमक्ष, किळसवाणी लैंगिक कृत्ये लिहून दाखवली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी या घटनेवर लिहिलेला लेख पुढे फार गाजला. कोणाच्या देहाला स्पर्श झाला नव्हता. घडले ते सारे शब्दांत. तरीही ज्यांची पात्रे अशी वापरली गेली त्यांना झालेल्या वेदना खऱ्या होत्या. त्या विश्वातील रहिवाशांनी त्यावर वाद घातला, त्या पात्राला अखेर तेथून नाहीसे करण्यात आले आणि नंतर सामुदायिक निर्णयासाठी अर्ज व मतदान यांची पद्धत आली.

या घटनेमुळे ‘दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी वाक्य घालू नये’ या साध्या नियमाचा खरा अर्थ उलगडतो. कथा सर्वांची असते. पात्रही मूळ लेखकाचे असते. पण ज्याने ते पात्र अंगावर घेतले, त्याने आपल्या मनाचा एक भाग त्यात ठेवलेला असतो. तो भाग त्याच्या संमतीवाचून हलवणे हा खेळातील नियमभंग तर आहेच, पण त्याहून अधिक तो माणसाशी केलेला अपराध आहे.

तथापि नियमावल्यांविषयी समाधान मानून थांबता येणार नाही. स्पेशल नाटकातील स्त्री कलावंतांचा अभ्यास सुसान सायझर यांनी ‘स्टिग्माज ऑफ द तमिळ स्टेज’ या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे. रात्री परपुरुषांसमवेत रंगावर उभे राहावे लागते म्हणून या स्त्रियांच्या शीलाविषयी समाज संशय घेतो. प्रयोगाला जातायेताना, प्रवासात, आपण कुलीन आहोत हे त्यांना पावलोपावली सिद्ध करावे लागते. रंगावरील सर्व नियम त्यांनी पाळले तरी प्रेक्षक एक नियम पाळत नाहीत. पात्र निराळे आणि माणूस निराळे, हाच तो नियम. मराठी तमाशातील कलावतींचा अनुभव याहून वेगळा नव्हता. विष्णूने मारलेला संकासुर प्रयोग संपताच माणसांत परत येतो. लाजऱ्या वल्लीच्या तोंडून भर सभेत वाद घालणारी स्त्री मात्र मुखरंग उतरवल्यावरही समाजाच्या लेखी रंगावरच उभी असते. खेळणाऱ्यांसाठी नियमावली करता येते, पाहणाऱ्यांसाठी कोणी करावी?

संहिता आली आणि नटाचे स्वातंत्र्य संकोचले, त्याबरोबर परस्परांना जपण्याची जी अलिखित विद्या होती तीही मागे पडली. इंटरनेटवरील खेळ सारा लेखनातून चालतो. पण त्याला पूर्वलिखित संहिता नाही. म्हणून त्या खेळाचे नाते ‘थोरले माधवराव पेशवे’शी न जुळता भाव्यांच्या नाटकांशी आणि दशावताराशी जुळते. जी विद्या नायकाच्या किंवा गुरूच्या सहवासात मिळे, ती आता अनोळखी मुलांना नियमांच्या रूपाने लिहून काढावी लागते, एवढाच काय तो फरक.

चेन्नईहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीला दशावताराविषयी सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, ‘‘पण आजोबा, संकासुर करणाऱ्याला रोज मरायचा कंटाळा येत नाही?’’ मी म्हटले, तो कंटाळला असता तर आजवर विष्णू कोणाविरुद्ध उभा राहिला असता? सोंग एकट्याने आणता येते. खेळ मात्र दुसऱ्याने आपल्याला दिलेल्या जागेवर उभा असतो. ती जागा सांभाळणे हीच सोंगाची मर्यादा.