कोकेनवरील उतारा

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विड्याच्या पानांतून कोकेन खाण्याचें व्यसन चांगलेंच फोफावलें होतें. धाडी पडल्या, १९३० सालीं घातक मादक द्रव्यांचा कायदाही झाला. व्यसनी माणसाच्या देहावर मात्र उतारा कोणापाशींच नव्हता.

त्या उताऱ्याचें बीज निराळ्याच शेतांत पडलें होतें. १८९० सालीं बर्लिनमध्यें बेरिंग व किटासाटो यांनीं दाखविलें कीं, धनुर्वाताच्या विषास सरावलेल्या प्राण्याचें रक्त दुसऱ्या प्राण्यास वांचवितें. याच तत्त्वावर मुंबईच्या हाफकिन संस्थेंत घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावर औषध होऊं लागलें. तिच्यांतून निघालेल्या महामंडळाचे घोडे तर आमच्या चऱ्होलीजवळच, पिंपरीस, पाळले गेले. शिवारांत राबणाऱ्यास या औषधाचें मोल सांगावयास नको.

मग कोकेनवर हीच युक्ति कां चालूं नये? अडचण मौजेची आहे. कोकेनचा कण इतका लहान, कीं शरीराच्या पहारेकऱ्यांना तो दिसतच नाहीं! म्हणून अमेरिकन संशोधकांनीं तो पटकीच्या विषाच्या निरुपद्रवी भागास जोडून लस बनविली. तिनें उपजलेलीं प्रतिपिंडें रक्तांतच कोकेनला धरून ठेवतात. तें जड ओझें मेंदूंत शिरत नाहीं, धुंदी चढत नाहीं. परंतु २००९ सालच्या प्रयोगांत लस घेतलेल्यांपैकीं ३८ टक्क्यांतच पुरेशीं प्रतिपिंडें आढळलीं. कांहींनीं तर धुंदी साधावी म्हणून अधिकच कोकेन घेतलें. तृष्णेवर लस चालत नाहीं ना! सुमारें तीनशें जणांवरील मोठी चांचणीही २०१४ सालीं निराशाजनक ठरली. कांहीं संशोधक आतां तयार प्रतिपिंडेंच टोंचूं पाहतात. म्हणजे वाट घोड्यांचीच, घोडा तेवढा नाहीं.