अपघातांच्या हिशेबांतला छेद

ता. ७ मे २०१६ रोजीं अमेरिकेच्या फ्लोरिडा संस्थानांत, विलिस्टन गांवाजवळ, टेस्ला कंपनीची एक मोटार आडव्या वळणाऱ्या मालट्रकवर आदळली व तिचा चालक मृत्यु पावला. त्या वेळीं मोटारींतील ‘ऑटोपायलट’ ही सहाय्यक यंत्रणा चालू होती. ट्रकचें अंग पांढरें, मागें आकाश उजळ. ब्रेक यंत्रानें लावला नाहीं आणि मनुष्यानेंही लावला नाहीं. यंत्रणा चालू असलेल्या सुमारें ३७ मिनिटांत चालकाचे हात स्टीअरिंगवर असल्याची नोंद अवघ्या २५ सेकंदांची आहे, असें पुढें चौकशींत निघालें.

जूनअखेर कंपनीनें सांगितलें कीं, ऑटोपायलटच्या १३ कोटींहून अधिक मैलांत हा पहिलाच ज्ञात मृत्यु होय. अमेरिकेंत त्या वेळीं एरवीं, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें, ९ कोटी ४० लक्ष मैलांमागें एक मृत्यु होत असे. मग यंत्रच सरस ठरलें ना? परंतु शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें कीं, अपूर्णांकांची तुलना करण्यापूर्वीं छेद समान करावे लागतात. येथें एका बाजूचे मैल नव्या, महागड्या मोटारींचे, आणि तेही बहुतांशीं मोकळ्या हमरस्त्यांवरचे. दुसऱ्या बाजूस जुन्या गाड्या, मोटारसायकली, पावसाळी रात्री, गल्लीबोळ, सारेंच आलें. शिवाय यंत्राची चूक मनुष्यानें ऐनवेळीं सावरली, तर ती कोणत्याच वहींत चढत नाहीं; तो मैल बिनबोभाट यंत्राच्या खात्यावर जमा होतो!

जानेवारी २०१७ मध्यें तेथील सरकारच्या महामार्ग-सुरक्षा खात्यानें अहवालांत लिहिलें कीं, ‘ऑटोस्टीअर’ बसविल्यानंतर, हवेच्या पिशव्या फुगण्याइतके मोठे अपघात जवळजवळ शेंकडा ४० नीं घटले. हा आंकडा पुष्कळ मिरवला गेला. एका लहान खासगी संस्थेनें मात्र कोर्टांत जाऊन मूळ आंकडे मिळविले आणि २०१९ सालीं आपली तपासणी प्रसिद्ध केली. एकंदर ४३,७८१ मोटारींपैकीं, यंत्रणेपूर्वीं व नंतर त्या किती मैल चालल्या हें नेमकें ठाऊक होतें तें केवळ ५,७१४ मोटारींविषयीं. पुष्कळांचे आधीचे मैल नोंदलेच नव्हते. त्यांचे अपघात तेवढे मोजले होते. छेद गाळून अंश ठेवण्याचा हा प्रकार! ज्यांचे मैल ठाऊक होते, त्या मोटारींत अपघातांचें प्रमाण घटलें नव्हतें, शेंकडा ५९ नीं वाढलें होतें. एवढ्याशा संख्येवरून यंत्रास दोषी ठरविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पण त्याला निर्दोष ठरविणारा पुरावाही तेथें उरला नाहीं.

विलिस्टनच्या अपघातास ट्रकचालकानें वाट न देणें, मोटारचालकाची यंत्रावरील अतिभिस्त आणि त्या भिस्तीस वाव देणारी यंत्राची रचना, हीं तिन्ही कारणें २०१७ सालीं चौकशी-मंडळानें नोंदविलीं. डिसेंबर २०२३ मध्यें कंपनीस अमेरिकेंतील सुमारें २० लक्ष मोटारींच्या यंत्रणेंत दुरुस्ती करावी लागली. ती दुरुस्ती होती चालकास अधिक वेळां सावध करणाऱ्या सूचनांची.