अटलांटिक भिंतीचे ठेकेदार आणि मजूर

दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिक भिंतीचा विषय निघाला की हिटलर, रोमेल आणि तोफा यांचीच चर्चा होते. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत. त्यामुळे हजेरी कोण मांडीत होता आणि पगार कोणाच्या हातून मिळत होता, हे प्रश्न आम्हांला आधी सुचतात.

'भिंत' हा शब्दच मुळी फसवा आहे. २३ मार्च १९४२ रोजी हिटलरचा हुकूम निघाला आणि नॉर्वेपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंतचा किनारा तटबंद करण्याचे ठरले. सलग भिंत कोठेच नव्हती. काँक्रीटचे बुरूज, तोफांचे चौथरे आणि खंदक असे ते विखुरलेले काम होते. केवळ दोन वर्षांत त्यात १ कोटी ३३ लक्ष घनमीटर काँक्रीट गेले, असा आकडा आल्बर्ट श्पेअरने पुढे आपल्या आठवणींत दिला आहे. हा श्पेअर म्हणजे बांधकामाच्या 'टोट संघटने'चा प्रमुख. ती स्थापणारा इंजिनियर फ्रिट्झ टोट फेब्रुवारी १९४२ मध्ये विमान कोसळून मेला, तेव्हा त्याची गादी याच्याकडे आली.

ही संघटना धड पलटणही नव्हती आणि धड कंपनीही नव्हती. खाजगी जर्मन कंपन्या करार करून आपले इंजिनियर, मुकादम आणि यंत्रे घेऊन येत. सिमेंट आणि माणसे संघटना पुरवी. जर्मन कंपनीच्या हाताखाली फ्रेंच कंपनी आणि तिच्याखाली गावचा लहान ठेकेदार, अशी उतरंड असे. आपल्याकडे जिला पोटठेकेदारी म्हणतात, तीच ही. तिचा गुण आम्ही जवळून पाहिला आहे. एका इमारतीच्या कामावर परांचीवरून पडून एक गवंडी दगावला. त्याच्या बायकोला घेऊन आम्ही तीन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि तिन्हीकडे उत्तर एकच मिळाले, "तो आमचा माणूस नव्हे." तिघांचेही कागद चोख होते!

या किनाऱ्यावरचे मजूर सारे एका जातीचे नव्हते. पहिल्या वर्षांत पुष्कळ फ्रेंच लोक आपण होऊन आले, कारण बाहेर काम नव्हते आणि येथे मजुरी अधिक मिळे. फेब्रुवारी १९४३ मध्ये तरुणांना सक्तीने जर्मनीत कामाला धाडण्याचा कायदा झाला. तेव्हा जर्मनीत बाँबखाली मरण्यापेक्षा आपल्या किनाऱ्यावरचे काँक्रीट बरे, असे म्हणून आणखी कितीतरी जण आले. त्यांना फितूर म्हणणे सोपे आहे. चूल पेटवण्याची जबाबदारी असलेल्या माणसाला तसे म्हणताना आमची जीभ अडखळते. स्पेनमध्ये फ्रँकोशी लढून १९३९ साली फ्रान्सच्या आश्रयाला आलेल्या रिपब्लिकन सैनिकांना मात्र कोणी विचारलेच नाही. फ्रेंच सरकारने आधी त्यांच्या मजूर-तुकड्या केल्या आणि मग त्यांतले हजारो लोक टोट संघटनेच्या स्वाधीन केले.

सर्वांत खालच्या पायरीवर होते ते पूर्व युरोपातून ओढून आणलेले रशियन आणि युक्रेनी. इंग्लिश खाडीतील ऑल्डर्नी हे ब्रिटिश बेट. जून १९४० मध्ये तेथील बहुतेक रहिवासी निघून गेले आणि रिकाम्या बेटावर मजुरांच्या चार मुख्य छावण्या उभ्या राहिल्या. अपुरे अन्न, मारहाण आणि रोगराई यांनी माणसे मरू लागली. 'सिल्ट' नावाची छावणी मार्च १९४३ मध्ये एस. एस. ने ताब्यात घेतली. पण त्यापूर्वी आणि इतर छावण्यांत जे मेले, ते टोट संघटनेच्या हजेरीपटावर होते.

याच कामगारवर्गातील एक मासला सांगण्याजोगा आहे. कां येथील रेने द्यूशे हा घरे रंगवणारा कारागीर. मे १९४२ मध्ये टोट संघटनेच्या कचेरीत भिंतींना कागद लावण्याचे काम त्याने मिळवले. साहेबाचे लक्ष नाही असे पाहून टेबलावरचा तटबंदीचा नकाशा त्याने आरशामागे दडवला आणि पुढे संधी साधून बाहेर नेला. तो गुप्त मार्गाने लंडनला पोचला. दोन वर्षांनी, ६ जून १९४४ रोजी, दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या आणि ही तटबंदी एका दिवसात फुटली.

मग हिशेब झाले. १८ ऑक्टोबर १९४४ च्या फ्रेंच वटहुकुमाने शत्रूशी व्यापार करून मिळवलेला नफा जप्त करण्यासाठी समित्या नेमल्या. परंतु पडलेले पूल आणि बंदरे पुन्हा बांधायची होती, आणि यंत्रे होती याच ठेकेदारांकडे. दंड ठोठावले गेले खरे, पण पुष्कळांना पुनर्बांधणीची कामेही मिळाली. न्युरेंबर्गला मजुरांच्या गुलामगिरीबद्दल श्पेअरला वीस वर्षांची कैद झाली. ती भोगून तो १९६६ साली सुटला. ऑल्डर्नीवरील अत्याचारांबद्दल ब्रिटनने स्वतः खटला चालवला नाही. बहुतेक बळी सोव्हिएत नागरिक, म्हणून कागद रशियाकडे देण्यात आले. तेथील मृतांचा जुना अधिकृत आकडा ३८९ होता. २०२४ साली ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या समितीने कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा तो ६४१ ते १,०२७ यांच्या दरम्यान असावा असे ठरले.