'सरप्राइज' : सापडलेल्या माणसाचा शब्द

इंग्रजी कोशकारांबद्दल एक जुनी गोष्ट सांगतात. कुणी ती अमेरिकेच्या नोआ वेब्स्टरच्या नावावर खपवतात, कुणी त्याच्या आधीच्या सॅम्युअल जॉन्सनच्या. ती खरोखर घडली याला पुरावा नाही. कोशकार मोलकरणीचं चुंबन घेत असतो, तेवढ्यात बायको दारात उभी राहते. "मी सरप्राइज्ड झाले!" ती म्हणते. कोशकार तिची चूक सुधारतो, "नाही, सरप्राइज्ड मी झालोय. तू ॲस्टॉनिश्ड झालीस."

गोष्ट रचलेली असली तरी कोशकाराचं व्याकरण पक्कं आहे. 'ॲस्टॉनिश'च्या मुळाशी लॅटिनमधला मेघगर्जनेचा धातू आहे. अंगावर वीज कडाडावी तशी बायको सुन्न झाली. 'सरप्राइज'च्या मुळाशी मात्र हात आहे. लॅटिन 'प्रेहेंडेरे' म्हणजे धरणं, पकडणं. त्यावरून फ्रेंचमध्ये 'प्रांद्र' आलं, त्याला 'वरून' या अर्थाचा 'स्युर' जोडला गेला आणि 'झडप घालून धरणं' असा शब्द तयार झाला. त्याचं भूतकाळी विशेषण म्हणजे 'सरप्राइज', अर्थात 'धरलेला', 'गाठलेला'. म्हणून सापडला तो कोशकारच!

'प्रेहेंडेरे' या धातूचं गोत मोठं आहे. प्रिझन त्यातलाच, एंटरप्राइज त्यातलाच. शिकणारा अप्रेंटिस आणि बुद्धीनं धरणं म्हणजे कॉम्प्रिहेंड हेही त्यातलेच. आपल्याकडे 'ग्रह्' धातूनं असाच संसार मांडला आहे. ग्रहण, संग्रह, निग्रह, आग्रह आणि ग्रहणशक्तीसुद्धा.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस 'सरप्राइज' हा शब्द इंग्रजीत क्रियापद म्हणून आला, तेव्हा माणसाला 'सरप्राइज' करायची ती भावना. आपण 'भीतीनं ग्रासलं' म्हणतो, तसं. पंधराव्या शतकात नाम आलं, त्याचा अर्थ होता बेसावध शत्रूवर घातलेला छापा. किल्ला 'सरप्राइज' केला म्हणजे तो अचानक चालून जाऊन घेतला. आश्चर्य वाटण्याचा अर्थ त्याला सोळावं शतक संपता संपता चिकटू लागला आणि सतराव्या शतकात रुळला.

लढाईचा अर्थ किती ठसठशीत होता हे ब्रिटिश आरमाराच्या 'सरप्राइज' या जहाजावरून कळतं. हे जहाज मुळात फ्रेंच, 'युनिते' नावाचं. 1794 साली ल हाव्रला ते पाण्यात उतरलं, 1796 साली ब्रिटिशांनी ते पकडलं आणि त्याचं हे नवं नाव ठेवलं. पकडलेल्या जहाजाला पकडण्याचंच नाव! पुढे 1797 साली 'हर्मायनी' या ब्रिटिश जहाजावरच्या खलाशांनी बंड केलं, कप्तानाला ठार मारलं आणि जहाज स्पॅनिश लोकांच्या हवाली केलं. 1799 सालच्या ऑक्टोबरात कप्तान एडवर्ड हॅमिल्टन 'सरप्राइज' घेऊन आजच्या व्हेनेझुएलातल्या पुएर्तो काबेयो बंदराशी आला. रात्रीच्या काळोखात त्यानं आपली माणसं होड्यांतून आत नेली आणि किनाऱ्यावरच्या तोफांच्या माऱ्यातून 'हर्मायनी' बाहेर ओढून आणली. या एका जहाजाच्या कथेत शब्दाचा सगळा जुना अर्थ भरलेला आहे.

त्याच दशकात लंडनमध्ये शब्दाचं दुसरं रूप दिसतं. 1792 साली तिथे संगीतकार हायडनची 94वी सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या भागात अगदी हळुवार सुरांनंतर सगळा वाद्यवृंद एकदम दणकतो. इंग्रजांनी तिला 'सरप्राइज' म्हटलं, जर्मनांनी मात्र नगाऱ्याच्या ठोक्यावरून नाव दिलं. इंग्रजी नाव मला अधिक नेमकं वाटतं. ठोका वाजवणाऱ्याकडे असतो, दचकतो तो ऐकणारा. त्यात छापा आहे, पण जखम नाही. एकोणिसाव्या शतकात 'सरप्राइज पार्टी'चंही असंच झालं. आधी छापा घालणारी लष्करी तुकडी, मग न कळवता घरी येऊन थडकणारी मित्रमंडळी.

मराठीत हा शब्द दोन्ही अंगांनी आला. वाढदिवसाला सरप्राइज देतात, ते नव्या अर्थाचं. शाळेतली सरप्राइज टेस्ट आणि कचेरीतली सरप्राइज व्हिजिट यांत मात्र जुना अर्थ जिवंत आहे. तिथे कुणाला तरी बेसावध गाठायचंच असतं.

आपले स्वतःचे शब्द निराळ्या दिशेनं पाहतात. 'नवल' नव्याकडे बोट दाखवतं. 'विस्मया'त हसण्याचा 'स्मि' धातू आहे. 'आश्चर्य' शब्द सिद्ध करताना पाणिनीनं त्याचा अर्थ 'नेहमी न घडणारं' असा धरला. या शब्दांत कुणी कुणाला पकडत नाही. वाक्याची घडणही तशीच आहे. इंग्रजीत माणूस 'सरप्राइज्ड' होतो, म्हणजे क्रिया त्याच्यावर घडते. वाक्य कर्मणी असतं. मराठीत 'मला आश्चर्य वाटलं'. आश्चर्य कर्ता, आणि मी त्याचा अनुभव घेणारा. अलीकडे 'मी सरप्राइज झालो' असंही सर्रास कानावर पडतं. या वाक्यात इंग्रजी शब्दाबरोबर पकडलेला माणूसही मराठीत आला आहे.